कपाळावर काहीही लिहिलेलं नाहीये

नमस्कार श्रोतेहो. मी देव मानत नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं कुठल्या बाजूने येतंय ते तुम्हाला कळेल. आज बोलायचंय ते यावर की माणूस खरंच स्वतःच्या मर्जीने काही ठरवतो का, की सगळं आधीच ठरलेलं असतं.

माझा एक मित्र आहे, रोज हरिपाठ म्हणणारा, आषाढीला जमेल तेवढी वारी चालणारा. आमचा वाद जुना आहे. तो म्हणतो, अरे तू देव काढलास, आत्मा काढलास, मग उरलं काय, मेंदूतली केमिकल्स, मग तू तरी कुठे स्वतः विचार करून नास्तिक झालास, केमिकल्सनी केलं तुला आणि तू झालास! प्रश्न चांगला आहे, हसून टाळण्यासारखा तर अजिबातच नाही. देव नाही म्हटल्यावर आपण माणसाला कशाचं बनलेलं समजतो हे नास्तिकाला सांगता यायलाच पाहिजे.

पण हा पेच काही नास्तिकांनी आणलेला नाहीये. गीतेचा अठरावा अध्याय उघडा. 61व्या श्लोकात म्हटलंय की ईश्वर सगळ्यांच्या हृदयात राहून, यंत्रावर चढवल्यासारखं, मायेने सगळ्यांना फिरवतो. आणि दोनच श्लोक पुढे, 63व्यात, कृष्ण अर्जुनाला सांगतो, सगळ्याचा नीट विचार कर आणि 'यथेच्छसि तथा कुरु', तुला वाटेल तसं कर. आता यंत्रावर चढवलेल्या माणसाला वाटेल तसं कर सांगायचं म्हणजे काय? भाष्यकारांनी याचा मेळ घालायला शेकडो वर्षं घालवलीत आणि त्यांच्या बुद्धीबद्दल मला आदरच आहे, पण मेळ घालावा लागतो हे खरं. त्याच्याही कितीतरी आधी, बुद्धाच्या काळात, मक्खली गोसाल नावाचा, आजीवक या पंथाचा गुरू सांगत होता की सगळं नियतीने ठरलेलंय, माणसाच्या प्रयत्नाने काडीचाही फरक पडत नाही, आणि बुद्धाने त्याच्या या मताला कडाडून विरोध केला. युरोपात कॅल्विन या ख्रिस्ती धर्मसुधारकाने सोळाव्या शतकात सांगितलं की कोण तरणार आणि कोण नाही हे देवाने आधीच ठरवलंय. म्हणजे देव मानला की मर्जी आपोआप मोकळी होते असं काही नाही, उलट सगळं जाणणारा देव असेल तर मी उद्या काय करणार हे त्याला आजच माहीत असणार, मग मी वेगळं करणार कसं?

बरं, विज्ञान काय म्हणतं? इथे मला माझ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सांगायचेत, कारण विज्ञानाने सिद्ध केलंय की इच्छास्वातंत्र्य नाही असं आमच्यातले काही जण ठोकून देतात. ते बहुतेक वेळा ज्या प्रयोगाकडे बोट दाखवतात तो बेंजामिन लिबेट या मेंदूशास्त्रज्ञाचा, सॅन फ्रान्सिस्कोतला, 1983 साली छापून आलेला. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोक्याला आणि मनगटाला इलेक्ट्रोड लावायचे, समोर घड्याळासारख्या तबकडीवर एक ठिपका फिरतोय, एक फेरी 2.56 सेकंदांत. तुला वाटेल तेव्हा मनगट हलव, फक्त हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते लक्षात ठेवून नंतर सांग, एवढंच. आणि निघालं काय, तर लोक सांगत होते की हालचालीच्या साधारण 200 मिलिसेकंद आधी आम्हाला इच्छा झाली, पण मेंदूतली विद्युत तयारी सुरू झालेली असायची साधारण 550 मिलिसेकंद आधी. म्हणजे मी ठरवलं असं मला वाटायच्या आधीच मेंदू कामाला लागलेला! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हादरलो होतो, आणि अजूनही मला तो प्रयोग फार सुंदर वाटतो.

पण यावरून मर्जी नाहीच असं म्हणणं घाईचं आहे. खुद्द लिबेट तसं म्हणत नव्हता, त्याचं मत होतं की इच्छा जाणवल्यावर ती ऐनवेळी रोखायला माणसाकडे थोडा वेळ उरतो. पुढे 2012 मध्ये शर्गर नावाचा मेंदूसंशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ती जी तयारी दिसते ती कदाचित निर्णय नसेलच, मेंदूत सतत जी बारीक खळबळ चालू असते ती हळूहळू साचून एका पातळीपलीकडे गेली की हात हलतो, असंही गणित बसतं. आणि मुख्य म्हणजे, कारण नसताना मनगट हलवणं आणि मुलीचं लग्न तिच्या पसंतीच्या, वेगळ्या जातीच्या मुलाशी लावून द्यायचं की नाही हे ठरवणं, या दोन गोष्टी सारख्या कशा असतील? दुसऱ्यात बाप महिनोन्महिने झोपत नाही, चार माणसांशी बोलतो, चिडतो, रडतो, शेवटी बदलतो. ते सगळं मेंदूतच होतं, पण होतं ना.

मग माझं म्हणणं काय? मेंदूच्या बाहेर बसून बटणं दाबणारा आत्मा मला कुठे दिसत नाही, त्या अर्थाची मोकळी मर्जी मी मानत नाही. अणूंच्या पातळीवर काही गोष्टी निव्वळ योगायोगाने घडतात म्हणणाऱ्या क्वांटमवाल्यांचा आधार घ्यायचीही मला गरज वाटत नाही, आत कुठेतरी फासा पडला म्हणून काही मी मोकळा होत नाही. पण माणूस कारणांनी घडतो म्हणजे त्याचं सगळं ठरलेलं आहे असं नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. दैव म्हणजे तुम्ही काहीही करा, होणार ते होणार. कारण म्हणजे हे असं असेल तर ते तसं होईल, आणि हे बदललंत तर तेही बदलेल. दैवापुढे हात जोडायचे, कारण शोधायचं, या दोन वृत्तींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो मला जिवापाड महत्त्वाचा वाटतो.

कुष्ठरोगाचं बघा. शेकडो वर्षं आपल्याकडे महारोग म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचं फळ. माणसाला गावाबाहेर काढायचं, त्याचं भांडं वेगळं, बायको माहेरी निघून जाणार, आणि वर त्यालाच सांगायचं की तुझे भोग आहेत बाबा. आजार झाला तर झाला, वर गुन्हेगारही तोच! आणि मग 1873 मध्ये नॉर्वेत हॅन्सनने त्याचा जंतू शोधला. जंतूला तुमचं मागच्या जन्मीचं खातं माहीत नसतं. तो नसांवर हल्ला करतो, कातडीवर एखादा फिकट चट्टा येतो आणि तिथे स्पर्श कळत नाही, मग चुलीचा चटका कळत नाही, पायात घुसलेला काटा कळत नाही, जखमा होत राहतात, चिघळतात आणि बोटं जातात. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत सांगितली, सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्यायच्या की रोग बरा. आज आशाताई घरोघर फिरून विचारतात, अंगावर कुठे बधिर चट्टा आहे का हो, आणि सरकारी दवाखान्यात त्या गोळ्या फुकट मिळतात. तरीही, ऐका, हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून 2019 पर्यंत लिहिलेलं होतं. औषध येऊन दशकं झाली तरी पाप कायद्यातून निघायला एवढा वेळ लागला.

मित्र यावर म्हणतो की तो कर्माचा चुकीचा अर्थ आहे, खरा कर्मसिद्धांत माणसाला जबाबदार बनवतो. असेलही. पण मतिमंद मुलाच्या आईला नातेवाईक हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर मागच्या जन्मीचं काहीतरी असेल म्हणतात, तेव्हा त्या बाईच्या तोंडाकडे कोणी बघतं का? आणि तिला नंतर कोणीतरी पत्रिका दाखवायला पाठवतंच. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका घेतल्या, सरमिसळ केली, आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस देऊन सांगितलं की कोणती कुणाची ओळखा. 27 जणांची उत्तरं आली. सरासरी 46 टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं, आणि सगळ्यात चांगल्या माणसाचीही चाळीसात चोवीसच बरोबर आली. 2009 मध्ये करंट सायन्स या विज्ञान नियतकालिकात छापून आलंय हे. त्या आईला कोणीतरी एवढं सांगायला हवं होतं की ताई, यात तुझं काही चुकलेलं नाही, त्याच्याही पत्रिकेत काही लिहिलेलं नाही, त्याला शिकवणारी शाळा शोधूया.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो सगळ्यात अवघड. सगळं कारणांनी होत असेल तर मग गुन्हेगाराला दोष कसा द्यायचा? अमेरिकेतली एक केस 2003 मध्ये डॉक्टरांनी छापली. चाळिशीतला एक शिक्षक अचानक लहान मुलांबद्दल विकृत वागायला लागला, तुरुंगात जायची वेळ आली आणि मग कळलं की मेंदूच्या पुढच्या भागात मोठी गाठ आहे. गाठ काढली, ते वागणं थांबलं. काही महिन्यांनी परत सुरू झालं, बघितलं तर गाठ परत वाढलेली. मला विचाराल तर अशा माणसापासून मुलांना लांब ठेवलंच पाहिजे, त्यात जराही सूट नको, पण त्याला पापी म्हणून काय मिळतं? गाठ बघायला हवी. आणि ज्याच्या मेंदूत गाठ नाही पण लहानपणी रोज पट्ट्याने मार खाल्लाय त्याचंही कारण बघायला हवं, ते एमआरआयमध्ये ठळक दिसत नाही एवढंच. शिक्षा ठेवा, समाजाचं रक्षण व्हावं म्हणून ठेवा, माणूस सुधारावा म्हणून ठेवा, सूड म्हणून नको.

आपल्याकडे हे थोडं थोडं व्हायला लागलंय. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसावर जुन्या भारतीय दंड संहितेच्या 309 कलमाखाली गुन्हा दाखल व्हायचा, म्हणजे मरणाच्या दारातून आलेल्याला आरोपी करायचं! 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितलं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरा आणि त्याची काळजी घ्या. 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता आली त्यात ते सरसकट कलम राहिलेलंच नाहीये. हे मी मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, याला मी दया म्हणतो आणि ती मला विठ्ठलाने शिकवली. म्हटलं, शिकवू दे की, कायदा तर दोघांनाही पटला ना. नमस्कार.