प्रश्न ऐकू येईल एवढंच अंतर

येशूच्या नावात आपणा सर्वांना सलाम. पाळकसाहेब, वडीलमंडळी, आणि मागच्या भिंतीला टेकलेली तरुण मंडळी, पुढे या, जागा आहे. नाही, खरंच या. उघड्यावर उपदेश करणाऱ्याचं पहिलं काम हेच असतं, लांब उभ्या असलेल्या माणसाला दोन पावलं जवळ आणणं. आलात? छान.

पत्रकावर विषय छापलाय ‘खुल्या मैदानातील सुवार्तेच्या परिणामकारक पद्धती’. पद्धती मी सांगणार आहे. जागा कशी निवडायची, किती वेळ बोलायचं, गोंधळ झाला तर काय करायचं, सगळं सांगेन. पण त्याआधी बरीच वर्षं मनात घोळत असलेली एक गोष्ट मांडू द्या. उघड्यावरची सभा किती मोठी असावी हे बोलणाऱ्याच्या आवाजाने ठरू नये, ऐकणाऱ्याच्या आवाजाने ठरावं. शेवटच्या रांगेतल्या माणसाने साध्या आवाजात काही विचारलं आणि ते मला ऐकू आलं, तर तिथपर्यंत माझी सभा. त्यापलीकडे माझे शब्द पोचत असतील, पण तिथला माणूस माझ्यापर्यंत पोचत नाही. आणि जो माणूस माझ्यापर्यंत पोचत नाही, त्याला मी सुवार्ता सांगितली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पेन्टेकॉस्टच्या दिवसाकडे बघा, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाकडे. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय. येशूचा शिष्य पेत्र याचं भाषण आपल्याला पाठ आहे, योएल संदेष्ट्याचं वचन, दाविदाचं स्तोत्र, सगळं. लूकने दिलंय तेवढं मोठ्याने वाचलं तर चार-पाच मिनिटांत संपतं. तो आणखीही पुष्कळ बोलला असं पुढे लिहिलंय, ते मला मान्य आहे. पण भाषण वळतं कुठे? सदतिसाव्या वचनात. लोकांच्या काळजाला ते भिडतं आणि लोकच विचारतात, ‘बंधुजनहो, आम्ही काय करावे?’ पश्चात्ताप आणि बाप्तिस्मा हे शब्द त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून येतात.

आता कोणी म्हणेल, त्या दिवशी तीन हजार माणसं मिळाली, मग तुमचं ते साध्या आवाजाचं अंतर कुठे गेलं? चांगला प्रश्न आहे, आणि याचं उत्तर त्याच पानावर आहे. चौदावं वचन सांगतं की पेत्र अकरा जणांबरोबर उभा राहिला. आणि लोकांनी प्रश्न विचारला तो पेत्राला आणि इतर प्रेषितांना. बोलणारा एक होता, पण प्रश्न ऐकायला बारा जोडी कान होते. ते अकरा जण सोबत नसते तर त्या गर्दीत किती प्रश्न तसेच विरून गेले असते, कल्पना करा. आपण पेत्राचं भाषण शिकतो. बाकीचे अकरा जण काय करत होते, हे कोणी शिकवत नाही.

आता अठराव्या शतकात येतो, कारण मैदानी उपदेशाची गोष्ट त्याशिवाय पुरी होत नाही. इंग्लंडचा उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड चोवीस वर्षांचा होता. एकेका चर्चचं व्यासपीठ त्याला बंद होत चाललं होतं. 17 फेब्रुवारी 1739 रोजी तो ब्रिस्टलजवळ किंग्सवुडला कोळसा खाणीतल्या मजुरांपुढे उघड्यावर उभा राहिला. पहिल्या दिवशी सुमारे दोनशे माणसं होती, काही आठवड्यांत ती हजारोंवर गेली. काळवंडलेल्या गालांवरून अश्रूंचे पांढरे ओघळ उतरताना त्याला दिसले. ते दिसले, हे लक्षात ठेवा. चेहरा दिसेल इतक्या अंतरावर तो उभा होता.

त्याने जॉन वेस्लीला, म्हणजे पुढे मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या पाळकाला, बोलावून घेतलं. वेस्ली शिस्तीचा माणूस. चर्चच्या इमारतीबाहेर आत्म्यांचं तारण करणं म्हणजे जवळजवळ पापच, असं त्याला आजवर वाटत आलं होतं. 2 एप्रिल 1739 ला तो गावाबाहेरच्या एका उंचवट्यावर उभा राहिला आणि लूकच्या चौथ्या अध्यायातलं वचन घेतलं, दीनांना सुवार्ता सांगायला प्रभूने मला अभिषेक केला आहे. वेस्लीच्या अंदाजाने समोर तीन हजार लोक होते. तीन वर्षांनी, जून 1742 मध्ये, एपवर्थला त्याच्या वडिलांच्याच जुन्या चर्चमध्ये त्याला बोलू दिलं नाही. तेव्हा तो अंगणात वडिलांच्या थडग्यावर उभा राहिला आणि तिथून बोलला. माझ्या तरुण मित्रांनो, कोणी व्यासपीठ नाकारलं तर रुसून घरी बसू नका.

आणि याच काळातला तो अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा प्रसंग. 1739 सालीच व्हाइटफील्ड तिथल्या न्यायालयाच्या पायऱ्यांवरून बोलत होता. रस्ते माणसांनी भरलेले. गर्दीच्या टोकाला तिथला छापखानावाला बेंजामिन फ्रँकलिन उभा होता. भक्तिभावापेक्षा त्याला कुतूहल जास्त. तो नदीच्या दिशेने एक एक पाऊल मागे सरकत गेला, आवाज कुठवर स्पष्ट ऐकू येतो ते बघत. फ्रंट स्ट्रीट जवळ येईपर्यंत शब्द नीट कळत होते, मग त्या रस्त्यावरच्या गोंगाटात ते बुडाले. फ्रँकलिनने तेवढ्या अंतराचं अर्धवर्तुळ कल्पिलं, माणशी दोन चौरस फूट जागा धरली आणि हिशेब मांडला: तीस हजारांहून जास्त लोकांना हा आवाज ऐकू जाईल. यंत्र नाही, वीज नाही, नुसता माणसाचा गळा.

हा प्रसंग प्रत्येक शिबिरात सांगितला जातो आणि लगेच मोठ्या सभांचं समर्थन सुरू होतं. माझी तक्रार इथेच आहे. फ्रँकलिनने मोजलं ते आवाज कुठवर जातो हे. प्रश्न कुठून परत येतो हे त्या दिवशी कोणी मोजलं नाही. वेस्लीला मात्र ते उमगलं होतं. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. त्यासाठी लोकांचे सुमारे बारा-बारा जणांचे गट पाडले. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची, आणि गटाच्या पुढाऱ्याने घरोघर जाऊन ती गोळा करायची. पैसे घ्यायला गेलेला पुढारी दारात उभा राहून विचारपूस करू लागला: तुमचं कसं चाललंय, प्रार्थना होते का, घरात भांडण आहे का? वेस्लीने ओळखलं की कामाची गोष्ट हीच. कर्जवसुलीचा गट पुढे मेथडिस्ट चळवळीचा कणा झाला. मैदानात हजारो, आणि त्या हजारोंच्या मागे बारा माणसांची खोली. त्या खोलीत प्रश्न परत येत होते.

आता माझं दुखणं सांगतो. कोणाचं नाव घेणार नाही, घ्यायची गरजही नाही, कारण हे सगळीकडे होतं. एका मोठ्या मैदानी सभेला मी मागच्या बाजूला उभा होतो. चारी खांबांवर कर्णे लावलेले. भजनं सुंदर झाली. मग उपदेश सुरू झाला, आणि कर्णे असे कडकडू लागले की माझ्या शेजारच्या आजीबाईंनी पदर कानावर घट्ट धरला. बोलणाऱ्या बंधूंचं मन स्वच्छ होतं, वचन शुद्ध होतं. माझ्या पुढे साधारण हातभर अंतरावर एक तरुण सायकल धरून उभा होता. हँडलला डबा अडकवलेला, म्हणजे कामावरून घरी निघालेला. क्षमेवर बोलणं चाललं होतं. त्याने शेजाऱ्याकडे वळून काहीतरी विचारलं. शेजाऱ्याने कानाकडे बोट दाखवलं, ऐकू येत नाही. त्याने पुन्हा विचारलं, या वेळी ओरडून. मला फक्त एवढंच ऐकू आलं, ‘...पण ज्याचं नुकसान केलं तो माणूसच मेला असेल तर?’

बंधुभगिनींनो, हा प्रश्न! याच्यावर आयुष्यभर उपदेश करता येईल. जकातदार जक्कय लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायला निघाला, पण ज्याला द्यायचं तोच राहिला नसेल तर? त्या माणसाच्या मनावर काहीतरी मोठं ओझं होतं आणि ते तो भर रस्त्यात उतरवायला तयार झाला होता. मी पुढे सरकलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण तेवढ्यात कर्ण्यांतून घोषणा झाली, सगळ्यांनी डोळे मिटा आणि हात वर करा. तो गोंधळला. सायकल वळवून निघाला. गर्दीतून मी त्याच्या मागे गेलो, पण गाठू शकलो नाही. नंतर अहवालात किती हात वर झाले ते छापून आलं. सायकलवाल्याचा प्रश्न कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

म्हणून कर्ण्यांना माझा विरोध आहे. यंत्र वाईट म्हणून नव्हे, तर त्यामुळे बोलणं एकाच दिशेने वाहतं म्हणून. पौल अथेन्सच्या बाजारात रोज जे कोणी भेटत त्यांच्याशी वाद घालत असे, असं लिहिलंय. रोज, आणि जे कोणी भेटत! अथेन्सच्याच अरीयपग टेकडीवरचं त्याचं प्रसिद्ध भाषण त्या बाजारातल्या बोलण्यातून निघालं. लोकांनीच त्याला विचारलं, ही नवी शिकवण काय आहे, सांग. म्हणून त्यांची ‘अज्ञात देवाला’ ही वेदी आणि त्यांच्याच कवींच्या ओळी त्याच्या भाषणात आल्या. ते लोक कोण आहेत हे त्याने आधी ऐकून आणि पाहून घेतलं होतं.

आपल्या मराठी मुलखातही हे घडलंय. 1857 च्या सुरुवातीला मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात लोकांसमोर वाद झाले. जॉर्ज बोवेन त्यात होते. 1848 पासून मुंबईत राहिलेला, मिशनचा पगार सोडून अगदी साधेपणाने जगलेला हा अमेरिकन माणूस वर्षानुवर्षं रस्त्यांवर उभा राहून मराठीत उपदेश करत असे. त्या वादांत कोण जिंकलं याच्याशी मला कर्तव्य नाही. दोन्ही बाजूंची माणसं वाळूवर उभी राहून एकमेकांचं शेवटपर्यंत ऐकत होती, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. विष्णुबावांसारखा तयारीचा माणूस समोर उभा राहिला की उपदेशकाला घरी जाऊन अभ्यास करावाच लागतो.

आणि लंडनचे डोनाल्ड सोपर. मेथडिस्ट पाळक. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते टॉवर हिलवर आणि पुढे हाइड पार्कमध्ये उभे राहत, अगदी म्हातारपणापर्यंत, 1998 मध्ये वारले तोवर हे काम त्यांनी सोडलं नाही. मध्येच ओरडणारी माणसं त्यांना हवी असत. प्रश्न विचारणाऱ्याच्या खांद्यावर बसूनच त्यांची सभा पुढे सरकायची, असं म्हटलं तरी चालेल.

पाळकसाहेबांनी घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं? बरं. मग पद्धती भराभर सांगतो, लिहून घ्या.

जागा. पाठीमागे भिंत असेल तर आवाज पुढे फेकला जातो. वारा आपल्या पाठीकडून लोकांकडे वाहू द्या. वाऱ्याच्या विरुद्ध बोललात तर आवाज वर उचलला जातो आणि समोरच्यांपर्यंत पोचतच नाही. 1762 मध्ये कॉर्नवॉलमध्ये ग्वेनॅपला वेस्लीची नेहमीची जागा वाऱ्यामुळे निकामी झाली, तर तो जवळच्या एका खोलगट खड्ड्यात उतरला, आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच बोलत राहिला. प्रभू येशू होडीत बसून किनाऱ्यावरच्या लोकांना शिकवत होते, तीही जागा विचार करून निवडलेली होती. ऊन लोकांच्या डोळ्यांवर येऊ देऊ नका, आपल्या डोळ्यांवर आलं तर चालेल. येण्याजाण्याची वाट अडवू नका. परवानगी लागत असेल तर आधी घ्या.

आपली माणसं. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त चुकणारं. मंडळीची दहा-बारा माणसं उपदेशकाच्या मागे रांग धरून उभी राहतात. रस्त्याने एकटा जाणारा माणूस ती फौज बघून पलीकडच्या बाजूने निघून जातो. आपल्या लोकांनी समोर उभं राहावं, श्रोता म्हणून, मध्ये जागा सोडून. कोणी थांबला की त्याच्या शेजारी सरकावं. ते अकरा जण आठवा. कोणाच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसतोय हे बघणं, हे त्यांचं काम.

संगीत. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेच्या ब्रास बँडची सुरुवात 1878 मध्ये सॉल्झबरीला चार्ल्स फ्राय आणि त्यांच्या तीन मुलांनी केली, रस्त्यावरच्या सभांना साथ म्हणून. गाण्याने माणूस थांबतो. पण दोन भजनं पुरे. पाच झाली की तो गाणं ऐकून जातो.

वेळ. एकाने सात-आठ मिनिटं, फार तर दहा. मग दुसरा. रस्त्यावरचा माणूस सुरुवातीपासून नसतो, त्यामुळे दर दोन-तीन मिनिटांनी मुद्दा पुन्हा सांगावा लागतो, आणि प्रत्येक वेळी येशूचं नाव त्यात असावं. मध्ये एक साक्ष घ्या, तीन मिनिटांची. योहानाच्या नवव्या अध्यायातल्या आंधळ्याला धर्मशास्त्र येत नव्हतं, आपण आंधळे होतो आणि आता दिसतं एवढंच तो सांगत राहिला.

विरोध. कोणाच्या दैवताविषयी वाईट शब्द काढायचा नाही. इफिसमध्ये दंगल झाली तेव्हा नगराच्या अधिकाऱ्यानेच पौलाच्या सोबत्यांविषयी सांगितलं की यांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. विरोधकाच्या तोंडून अशी साक्ष मिळावी असं आपलं वागणं हवं. प्रश्न आला तर तो मोठ्याने पुन्हा उच्चारा, म्हणजे सगळ्यांना कळेल आणि विचारणाऱ्यालाही कळेल की आपण नीट ऐकलंय. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा आणि पुढच्या आठवड्यात घेऊन या. पैसे, नोकरी, औषधपाणी, कसलंही आमिष दाखवायचं नाही. बरं होण्याची हमी द्यायची नाही. दारू पिऊन कोणी आला तर एकाने त्याला बाजूला घेऊन बसावं, त्याला हाकलू नये. त्याचंही ऐकावं.

पत्रिका शेवटी, आणि ज्याच्याशी बोलणं झालं त्यालाच द्या. रस्त्यावर चुरगळून पडलेल्या पत्रिका पाहिल्या की मला वाईट वाटतं. पत्रिकेवर पुन्हा भेटायची जागा आणि वार पेनाने लिहून द्या. आणि त्या वारी, त्या जागी, पाऊस असला तरी, एकच माणूस येणार असला तरी, तुम्ही असायलाच हवं. एकदा बोलून निघून जाणाऱ्याला कोणी खरा प्रश्न विचारत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विचारतात.

एवढंच. आता पाळकसाहेब पाच मिनिटं देत असतील तर मी खाली उतरतो, म्हणजे ध्वनिक्षेपकाची गरज लागणार नाही. हं, ताई, तुमचा हात मघापासून वर आहे.