भजनी मंडळातला भूप

नमस्कार श्रोतेहो.

शास्त्रीय संगीत म्हटलं की आपल्याकडे बरेच जण हात जोडतात. ते जाणकारांचं, मोठ्या शहरातलं, आपल्याला काय कळणार, असं म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. अमळनेर घ्या, चोपडा घ्या, शहाद्याकडचं एखादं खेडं घ्या. हरिनाम सप्ताह बसला की पेटी उघडते, पखवाजाला कणीक लागते आणि अभंग सुरू होतो. कितीतरी चाली भूप रागातल्या असतात. रात्र चढली की मालकंस येतो, शेवटाला भैरवी. रागाचं नाव ठाऊक नसलेली माणसं तो राग वर्षानुवर्षं गात आली आहेत.

भूपात स्वर पाचच. सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद, म्हणजे म आणि नी, वर्ज्य. त्यामुळे नवखा माणूसही दोन-चार आवर्तनांत सुरात मिसळतो. कोणाचं शेत किती, कोण कोणत्या आळीचा, हे तेवढा वेळ बाजूला राहतं. टाळ चुकला तर शेजारचा नुसता डोळ्यांनी सांगतो. भांडण झालेले दोन भाऊ मिटवायला बसवले तर बोलणार नाहीत, पण अभंगाच्या एका ध्रुपदावर एकत्र येतील. गाव जोडून ठेवायला याहून सोपा उपाय मला तरी दिसत नाही.

जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला गेलात, तर गाण्याआधी तानपुरा लावताना जरूर पाहा. तारा बहुधा चार. मालकंसात पंचम, म्हणजे प, नाही, म्हणून पहिली तार मध्यमाला लावतात. मग घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, तारेखालचा बारीक दोरा किंचित सरकवतात. तोवर ठक्क वाजणारी तार एकदम खुलते, गुंजायला लागते. हीच ती जवारी. सभागृहातली कुजबुज तिथेच थांबते आणि शेकडो माणसांचं लक्ष एका आवाजावर येतं.

शरीराचंही तसंच. खर्जात, म्हणजे खालच्या सुरात, सा लावून धरायचा तर श्वास सावकाश सोडावाच लागतो. श्वास लांबला की नाडी संथ होते, खांदे सैल पडतात. रात्रीच्या विजेवर केळीला पाणी देऊन आलेल्या शेतकऱ्याला ही विश्रांती हवी आहे. पोरं सुरतेला, पुण्याला गेलेल्या घरातल्या म्हाताऱ्यांना तर त्याहून जास्त, कारण भजनाच्या निमित्ताने आठवड्यातून दोनदा कुणीतरी वाट पाहतं, आलं नाही तर विचारपूस करतं. मात्र मन फारच खचलं असेल तर डॉक्टरकडे जायलाच हवं. गाणं सोबतीला राहील.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते दरबारातली विद्या सामान्य घरांपर्यंत पोचावी म्हणून. त्या परंपरेच्या परीक्षा देणारी मुलं-मुली आज आपल्या गावांतही आहेत. प्रवेशिका झालेली एखादी मुलगी तुमच्या आळीत असेल, तर तिला भजनी मंडळात बोलवा. अभंगाआधी पाच मिनिटं त्या चालीच्या रागाचे आरोह-अवरोह, म्हणजे चढते-उतरते स्वर, तिला म्हणू द्या, सगळ्यांनी मागून म्हणा. महिला मंडळांनी दुपारच्या बैठकीतही हे करावं. वेगळा खर्च नाही. पेटी आहे, मंदिराचा ओटा आहे, म्हणणारी माणसं आहेत. येत्या एकादशीलाच भूपापासून सुरुवात करा.