बिलातले जीबी कुणी मोजले?

मित्रहो, विजेचे मीटर घराच्या भिंतीवर असते, पाण्याचे नळाच्या जोडणीपाशी असते, आणि बिलातला आकडा पटला नाही तर आपण निदान त्या मीटरसमोर जाऊन उभे राहू शकतो. ब्रॉडबँडच्या डेटाचे मीटर आपल्या घरात नसतेच. ते सेवा देणाऱ्या कंपनीच्या केंद्रात, हजारो ग्राहकांच्या जोडण्या जिथे एकत्र येतात अशा एका यंत्रात असते, आणि त्या यंत्राने पाठवलेल्या नोंदींची बेरीज करून बिल तयार होते. जो पैसे घेणार तोच मोजणार, आणि मोजताना आपण तिथे नसणार, अशी ही व्यवस्था आहे. त्यामुळे मर्यादा महिन्याच्या विसाव्या दिवशीच संपल्याचा संदेश आला, किंवा जादा वापराचे शुल्क बिलात दिसले, की मनात शंका येणे अगदी स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच आहे की त्या शंकेचा पुरावा कसा करायचा.

नेटवर्कच्या कामात असल्यामुळे ओळखीची माणसे अशी बिले घेऊन माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांचा सूर एकच असतो: ‘एवढा डेटा आम्ही वापरलाच नाही.’ या वाक्याला कंपनीकडे ठरलेले उत्तर असते, ‘आमच्या यंत्रणेत तेवढाच दिसतो,’ आणि वाद तिथेच थांबतो. माझे म्हणणे असे आहे की तफावत किती आहे यापेक्षा ती कशी वागते हे आधी पाहावे. ती दररोज त्याच प्रमाणात येते का, एखाद्याच दिवशी उसळते का, घर बंद असतानाही वाढते का, मोडेम रीस्टार्ट झाल्यावरच दिसते का? यातील प्रत्येक चालीमागचे कारण वेगळे असते.

सर्वांत आधी व्याख्यांमुळे पडणारा फरक बाजूला काढू. एक जीबी म्हणजे किती, याविषयी दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात. दशमान पद्धतीत तो १०० कोटी बाइटचा असतो, तर संगणकाच्या द्विमान पद्धतीत १,०७,३७,४१,८२४ बाइटचा. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ मध्ये दुसऱ्या एककाला ‘गिबीबाइट’ असे वेगळे नाव दिले, पण अनेक राउटर आणि प्रणाली आजही गिबीबाइट मोजून त्यापुढे ‘जीबी’ असेच छापतात. हा फरक ७.४ टक्क्यांचा आहे. म्हणजे राउटर ९३ दाखवत असेल आणि कंपनी १०० दाखवत असेल, तर दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता आहे. दुसरा फरक वेष्टनाचा. आपण उतरवलेली फाइल तारेवरून सलग येत नाही, ती पॅकेटांत तुटून येते, आणि प्रत्येक पॅकेटावर पत्ता व क्रमांकाचे हेडर चढवलेले असते. पूर्ण भरलेल्या पॅकेटात प्रत्यक्ष मजकूर १४६० बाइट असला, तर हेडर आणि इथरनेटच्या (तारेवरून डेटा नेण्याच्या पद्धतीच्या) चौकटीसह ते १५१८ बाइटचे होते, म्हणजे ४ टक्के वाढ झाली. शिवाय मिळालेल्या पॅकेटांची पोच आपल्या बाजूने परत जात असते. कंपनी अपलोडही मोजत असेल तर ती पोचही सुमारे २ टक्क्यांपर्यंत भर घालते. इंटरनेटवरून चालणाऱ्या आवाजी संभाषणात पॅकेट छोटी असल्यामुळे हे प्रमाण फारच वाढते: पारंपरिक पद्धतीच्या एका पॅकेटात १६० बाइट आवाज असेल, तर त्याच्यावरचे वेष्टन ५८ बाइटचे असते. वाटेत हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवले जाते आणि ते मीटरच्या पुढे जाऊन हरवले असेल तर दोनदा मोजले जाते, हेही यातच धरावे.

आता हे गणित एकत्र केले, तर फायलींच्या आकारांची गिबीबाइटमध्ये केलेली आपली बेरीज आणि कंपनीचा दशमान आकडा यांत १२ टक्क्यांच्या आसपास फरक पडू शकतो, आणि त्यात कुणाचीही चूक नसते. म्हणून रोज जवळजवळ त्याच प्रमाणात राहणारी अशी तफावत घेऊन भांडायला जाऊ नये. कराराच्या अटींत कोणते एकक आहे आणि हेडर व अपलोड धरले जातात का, एवढे मात्र लेखी विचारावे. ते अटींत लिहिलेलेच नसेल तर तो मुद्दा ग्राहकाच्या बाजूचा आहे. पण तो मोजणीतला दोष म्हणून न मांडता अपुऱ्या माहितीची तक्रार म्हणून मांडावा.

कंपनी मोजते कशी, हे आता थोडे आत शिरून पाहू, कारण खऱ्या चुका तिथे घडतात. पुष्कळ ठिकाणी ‘रेडियस’ नावाची हिशेबाची पद्धत वापरली जाते. तिचे प्रचलित स्वरूप आरएफसी २८६६ या इंटरनेटच्या कार्यपद्धतींविषयीच्या २००० सालच्या दस्तऐवजात आहे. आपला राउटर जोडला गेला की एक सेशन, म्हणजे जोडणीचा एक सलग काळ, सुरू झाल्याची नोंद होते, तो तुटला की संपल्याची नोंद होते, आणि संपल्याच्या नोंदीत त्या सेशनमध्ये दोन्ही दिशांना किती बाइट गेले ते लिहिलेले असते. मधल्या काळातही ठरावीक अंतराने नोंदी पाठवण्याची सोय आहे, पण ती वापरलेली नसेल, तर सलग बारा दिवस चाललेल्या सेशनचा सगळा डेटा तेराव्या दिवशी एकदम खात्यावर पडतो. ग्राहक म्हणतो, ‘त्या दिवशी आम्ही घरात नव्हतो,’ आणि तो खरेच बोलत असतो. ही तफावत दिवसांच्या हिशेबातली आहे, महिन्याच्या बेरजेत ती जिरून जाते. मात्र असे लांबलचक सेशन बिलाच्या तारखेवर आडवे पडले, तर मागच्या महिन्याचा वापर या महिन्यात येऊन मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि मग ती तक्रार अगदी रास्त ठरते. कंपनीचा दिवस जागतिक प्रमाणवेळेनुसार आणि आपला स्थानिक वेळेनुसार बदलत असेल, तरी लहान प्रमाणात हेच घडते.

या नोंदी ज्या मार्गाने जातात त्यात पोच आली नाही तर नोंद पुन्हा पाठवली जाते. एकाच सेशनची नोंद दोनदा पोचली आणि बिलाच्या प्रणालीने सेशनचा क्रमांक पाहून दुसरी गाळली नाही, तर वापर दुप्पट दिसतो. आकडा अचूक दुप्पट दिसला तर इथे संशय घ्यावा. दुसरी जुनी भानगड काउंटरची, म्हणजे बाइट मोजत जाणाऱ्या यंत्रातल्या आकड्याची, आहे. ३२ बिटांचा काउंटर ४,२९,४९,६७,२९६ पर्यंत, म्हणजे सुमारे ४.२९ जीबीपर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. १०० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटच्या (८ बिटांचा एक बाइट), जोडणीवर पूर्ण वेगाने हे पावणेसहा मिनिटांच्या आत घडते. म्हणून किती फेऱ्या झाल्या याची वेगळी नोंद ठेवण्याची, किंवा ६४ बिटांचा काउंटर वापरण्याची सोय झाली. फेऱ्या मोजायच्या राहिल्या तर कंपनीचेच नुकसान होते, आणि त्याबद्दल तक्रार घेऊन आलेले मला आजवर कुणी भेटलेले नाही. ग्राहकाचे नुकसान उलट प्रसंगात होते. काउंटर ३ जीबीवर असताना यंत्र रीस्टार्ट झाले, पुढच्या वाचनात ०.१ जीबी दिसला, आणि हिशेबाच्या प्रणालीने ‘काउंटर एक फेरी पूर्ण करून आला’ असा समज करून घेतला, तर ती १.३९ जीबी जमा धरते. खरा वापर असतो ०.१. वारंवार वीज जाणाऱ्या किंवा जोडणी तुटणाऱ्या घरात अशी भर साचत राहते. ही चूक ओळखायची खूण हीच, की उसळी रीस्टार्टच्या वेळेशी जुळते.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र साध्या गुणाकारातून मिळतो. १० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने २४ तास चालली, तर एका दिशेने १०८ जीबीपेक्षा जास्त डेटा जाऊच शकत नाही. त्या जोडणीवर एका दिवसात १५० जीबी डाउनलोड लिहिलेला असेल, तर ग्राहकाला आपल्या सवयींविषयी एक शब्दही बोलायची गरज नाही. बिल आले की मी पहिल्यांदा हा गुणाकार करून पाहतो.

आता घराची बाजू. ती तपासल्याशिवाय तक्रार करू नये, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. माझ्या घरी दोन महिने मर्यादा लवकर संपू लागली, तेव्हा मी कंपनीला चांगले चार पानी पत्र लिहिले होते. तफावत दिवसरात्र एकसारखी चालू होती, झोपेच्या तासांतही तीच, आणि तेव्हाच मला समजायला हवे होते. दाराशी बसवलेला कॅमेरा चित्रण सतत बाहेरच्या सर्व्हरवर पाठवत होता. २ एमबीपीएसचा असा प्रवाह दिवसाला २१.६ जीबी आणि ३० दिवसांत ६४८ जीबी होतो. पत्र मागे घ्यावे लागले. फोटोंचा बॅकअप अडकून पुन्हा पुन्हा तेच पाठवत राहतो, संगणक आपल्या प्रणालीचे अपडेट दुसऱ्यांच्या संगणकांना वाटत बसतो, टीव्हीवरची मालिका आपण झोपल्यावरही पुढचा भाग लावते, आणि वाय-फायचा पासवर्ड आपल्याला आठवणाऱ्या माणसांपेक्षा जास्त जणांकडे असतो. पासवर्ड बदलणे हे यातील सर्वांत स्वस्त काम, म्हणून ते आधी करावे.

यानंतर स्वतःची मोजणी. फोन आणि संगणकांतले आकडे बेरीज करून चालत नाही, कारण टीव्ही, कॅमेरा, स्पीकर यांचा हिशेब त्यात येत नाही. मोजायचे ते राउटरच्या बाहेरच्या, म्हणजे वॅन बाजूच्या पोर्टवर. राउटर आतल्या बाजूचे आकडे दाखवत असेल तर घरातल्या घरात झालेली फायलींची देवाणघेवाणही त्यात मिसळते. राउटरचा काउंटर रीस्टार्टनंतर शून्य होतो, स्वस्त राउटरमध्ये तो ३२ बिटांचाही असतो, आणि वेग वाढवण्यासाठी काही राउटर पॅकेट थेट हार्डवेअरमधून पुढे ढकलतात, ती पॅकेट सॉफ्टवेअरच्या काउंटरला दिसतच नाहीत. हा शेवटचा मुद्दा फार जणांना ठाऊक नसतो. त्यामुळे राउटरचा आकडा कमी आणि कंपनीचा खूप जास्त दिसतो, ग्राहक आनंदाने पुरावा घेऊन जातो, आणि चूक त्याच्याच राउटरची निघते. ही सोय सेटिंगमध्ये बंद करूनच मोजावे. दररोज ठरलेल्या एकाच वेळी आकड्याचे छायाचित्र घ्यावे, शेजारी कंपनीच्या संकेतस्थळावरचा आकडाही घ्यावा, आणि रीस्टार्ट झाला असेल तर त्याची वेळ लिहावी.

दोन आठवडे नोंदी झाल्या की एक चाचणी करावी. मोडेम आणि राउटर चालू ठेवून बाकी सगळी उपकरणे एक दिवस तोडावीत आणि कंपनीचा आकडा किती हलतो ते पाहावे. बाहेरून येणाऱ्या भटक्या पॅकेटांमुळे थोडा हलेल, पण तो काही एमबीच्या घरात राहावा. नंतरच्या दिवशी एकच संगणक तारेने जोडून माहीत असलेल्या आकाराची फाइल, समजा दशमान १० जीबीची, उतरवावी. कंपनीचा आकडा १०.४ ते १०.७ च्या दरम्यान वाढला तर मीटर ठीक आहे. अधिक निर्णायक प्रयोग हवा असेल तर रात्रभर मोडेमच बंद ठेवावा. बंद मोडेमच्या खात्यावर त्या रात्री सुरू झालेल्या सेशनचा डेटा चढला, तर दुसऱ्या कुणाची जोडणी आपल्या खात्याला चिकटलेली आहे, आणि तिथे युक्तिवादाला जागाच उरत नाही.

तक्रार लिहिताना ‘मीटर चुकीचे आहे’ असे न लिहिता नोंदी मागाव्यात: विवादित काळातील प्रत्येक सेशनचा क्रमांक, सुरुवात आणि शेवटाची वेळ, दिलेला आयपी पत्ता, दोन्ही दिशांचे बाइट, आणि वेळ कोणत्या प्रमाणवेळेनुसार आहे ते. नोंदी मिळाल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवावी. रेडियसच्या भाषेत ‘इनपुट’ हे कंपनीच्या यंत्राच्या नजरेतून असते, म्हणजे तो आपला अपलोड होय. हे उलटे वाचून चुकीचा आरोप केलेली पत्रे मी पाहिली आहेत. फोनवरचे बोलणे विसरून जावे. लेखी तक्रार करावी, तक्रार क्रमांक घ्यावा, आणि बिलातील वाद नसलेली रक्कम मुदतीत भरून उरलेल्या रकमेवरच आक्षेप नोंदवावा. सगळे बिल अडवून ठेवले की वाद मोजणीवरून थकबाकीवर सरकतो आणि जोडणी तोडायला कंपनीला निमित्त मिळते. उत्तर ठरल्या मुदतीत आले नाही तर कंपनीच्या वरिष्ठ तक्रार अधिकाऱ्याकडे आणि मग ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाताना हीच कागदपत्रे त्याच क्रमाने जोडावीत.

पुष्कळदा असे होते की नोंदी मागताच कंपनी ‘सौजन्य म्हणून’ जादा शुल्क माफ करते आणि तक्रार मिटल्याचा संदेश पाठवते. पैसे जरूर घ्यावेत, पण तक्रार बंद करायला लगेच संमती देऊ नये. माफी बिलाला मिळालेली असते, मीटर तेच असते. पुढच्या एका संपूर्ण बिलाच्या काळात दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहीपर्यंत तक्रार उघडी राहावी, असे त्याच पत्राच्या उत्तरात लिहावे, आणि रोजची छायाचित्रे त्या महिन्यातही घेत राहावीत.