कांदेपोहे: हबका आणि वाफ

[पडदा उघडतो: भट्टीतली तापलेली रेती, तिच्यात तडतडणारे भाताचे दाणे]

पेण म्हटलं की आधी गणपतीच्या मूर्ती आठवतात. पण कोकणात जाता-येता पेणला थांबणारी मंडळी पापड आणि पोहेही बांधून घेतात. आपणही सुरुवात पोह्याच्या गिरणीपासूनच करू. घरात पोहे का बिघडतात, ते इथेच कळतं.

सालासकटचा भात गरम पाण्यात भिजत घालतात. चांगला मुरला की निथळून तापल्या रेतीत भाजतात, रेती चाळून काढतात आणि दाणा गरम, मऊ आहे तोवरच चेपतात. पूर्वी हे काम उखळ-मुसळाचं होतं, आता यंत्राचं. जास्त चेपला तर पातळ पोहा, कमी चेपला तर जाड. म्हणजे पोहा वाण्याकडे पोचतो तोच शिजलेला. आपण घरी त्याला शिजवत नाही. भट्टीत गेलेलं पाणी परत देतो. तेही बेतानं.

[स्वयंपाकघर. चाळणीत पोहे, वर नळाची बारीक धार]

कांदेपोह्यांना जाड पोहे, माणशी दोन मुठी. चाळणी नळाखाली धरायची, हातानं हलकेच खालीवर करायचं आणि निथळत ठेवायचं. पातेल्यात बुडवून ठेवले की लगदा ठरलेला! दहाएक मिनिटांनी एक पोहा चिमटीत दाबून बघा. मधे कणी लागली तर पाण्याचा हबका मारा. सहज चेपला, पण दिसायला अख्खा राहिला, तर भिजला. मीठ आणि चिमूटभर साखर याच वेळी घालून हातानं मोकळं करायचं, म्हणजे एक घास खारट, दुसरा अळणी असं होत नाही. साखरेवरून घरोघरी वाद आहेत. आमचं मत, घालावी.

[कढई. मोहरी तडतडते]

तेलात हात आखडू नका. शेंगदाणे आधी तळून बाजूला काढा. मग मोहरी, जिरं, हिंग, मिरच्या, कढीपत्ता. बटाटा हवा असेल तर त्याच्या पातळ काचऱ्या कांद्याच्या आधी. कांदा मऊ पडून काचेसारखा दिसला की बस, लाल करायचा नाही. त्यावर हळद, मग पोहे आणि दाणे. उलथन्यानं खालून वर, हलक्या हातानं. आच मंद, वर झाकण. झाकणाच्या आत थेंब धरले, कडेनं वाफ निघू लागली की गॅस बंद.

[दडपे पोहे, तर्री पोहे, दूधपोहे: झरझर बदलणारी दृश्यं]

गावोगाव हा ओलावा वेगवेगळ्या वाटेनं येतो. कोकणातल्या दडप्या पोह्यांना तर विस्तवच नको, फोडणीपुरता सोडला तर. पातळ पोहे, ओलं खोबरं, कच्चा कांदा, लिंबू, नारळाचं पाणी, आणि वर वजन ठेवून दडपून टाकायचं. नागपुरात पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. ती खाताना नाक पुसायला रुमाल लागतो. इंदूरला पोहे वाफेवर गरम ठेवतात, वर शेव आणि जिरावन मसाला, शेजारी जिलबी. नरकचतुर्दशीला कोकणात आणि गोव्यात दुधाचे, गुळाचे, ताकाचे असे पोह्यांचे कितीतरी प्रकार एकाच पानात.

[बैठकीची खोली. बशा मांडलेल्या]

राहिला बघण्याचा कार्यक्रम. तिथे पोहे वेळेवर होतात आणि पाहुणे उशिरा येतात. गार झालेले पोहे कोरडे पडतात, घशात अडकतात. घाबरू नका. पाण्याचा हबका, झाकण, मंद आचेवर दोन मिनिटं, की पुन्हा मऊ. मात्र लिंबू, खोबरं आणि कोथिंबीर आधीच घालून ठेवू नका. पाहुण्यांच्या चपला दाराशी वाजल्या की मग घाला.