भ्रम कोणाचा होता?

श्रोतेहो, नमस्कार.

आज एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे: भ्रमनिरास. मनासारखं झालं नाही की हल्ली आपण सर्रास म्हणतो, 'भ्रमनिरास झाला.' कोणी तर 'भ्रमनिराश' असंही लिहितं. कानाला त्यात निराशा ऐकू येते ना, म्हणून. पण निराशेशी या शब्दाचं नातं नाही. निरास म्हणजे घालवून टाकणं, दूर सारणं. शंकानिरसनातलं निरसन आणि हा निरास एकाच धातूपासून आलेले.

अंधारात पायाशी काहीतरी वेटोळं दिसतं. साप! आपण जागच्या जागी थिजतो. कोणी कंदील आणतं, बघतो तर सुंभाची दोरी. झाला भ्रमनिरास. यात वाईट काय वाटायचं? उलट जीव भांड्यात पडतो. वेदान्ताच्या चर्चेत दोरी-सापाचं हे उदाहरण पिढ्यान् पिढ्या देत आले आहेत.

बोलण्यात हा शब्द दुःखाकडे झुकला, हेही साहजिकच. ज्याला देवमाणूस मानलं तो तसा निघाला नाही, तर चटका बसतो. तिथे भ्रमनिरासच म्हणावं. अट एवढीच, आधी भ्रम असला पाहिजे.

मुलांचं निराळं. दिवाळीचा किल्ला करायला मामा येणार म्हणून पोरगी सकाळपासून माती चाळून बसलेली. दुपारी मामाचा फोन, 'आज जमत नाही गं.' मग ती नुसतीच घमेल्यातली माती बोटाने उकरत राहते. हा हिरमोड.

आणि शेतकऱ्याचं? २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. सरकारने पेरणीच्या तोंडावर जाहीर केलेला. प्रत्यक्षात बाजार समितीत माल नेला तेव्हा अनेकांच्या पदरात पडले चार हजारांच्या आसपास. अशा वेळी 'शेतकऱ्यांचा भ्रमनिरास' असा मथळा दिसला की मला फार लागतं. कसला भ्रम? त्याने काही स्वप्न पाहिलं नव्हतं. जाहीर झालेला आकडा खरा धरून त्याने बियाणं घेतलं, खत उधार आणलं. भ्रमनिरास म्हटलं की चूक त्याच्याच समजुतीची ठरते आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, तिथे अपेक्षाभंग म्हणा. निदान अपेक्षा मोडली कोणी, असं विचारायला जागा राहते.

नमस्कार.