पाचवा पाय
(अंबाजोगाई येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘दक्षिण महासागरातील सूक्ष्म कवचधारी : वर्णन आणि वर्गीकरण’. अंटार्क्टिकापर्यंत मी तुम्हाला नेणारच आहे, पण माझी वाट बारवेवरून जाते.

नारू कुणी कुणी पाहिलाय? हात वर करा. बघा, साठीच्या पुढचे सगळेच.

माझ्या आजीच्या घोट्याला निघाला होता. आधी फोड, मग आग, मग पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक बाहेर. वैद्यबुवांनी ते काडीला गुंडाळून दिलं. रोज सकाळी काडीला एक वेढा, तोही हलक्या हातानं, कारण दोरा तुटला की अख्खा पाय सुजायचा. दीड-दोन हात लांबीचा तो कृमी निघायला तीन आठवडे लागले. आग सोसेना म्हणून आजी पायऱ्या उतरून बारवेत पाय सोडून बसायची. घोळ होता तो तिथंच! पायाला पाणी लागलं की नारूची मादी हजारो अळ्या सोडते. त्या सायक्लॉप्सच्या पोटात जातात, आणि तेच पाणी आम्ही कळशीनं घरी नेऊन प्यायचो.

हा सायक्लॉप्स म्हणजे कोपेपॉड, झिंग्या-खेकड्यांचा भाऊबंद असलेला सूक्ष्म कवचधारी, अंगानं जेमतेम मिलिमीटरभर. आमच्या गुरुजींनी बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हात धरलं आणि हातात भिंग दिलं. झटके देत पोहणारे ठिपके होते. कपाळावर एकच डोळा, मादीच्या मागे दोन बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. मी घरी येऊन सांगितलं, आणि त्या संध्याकाळी आईनं घागरीच्या तोंडाला धोतराचा दुपदरी तुकडा बांधला. घरोघर पाणी असं गाळलं गेलं, विहिरींत औषध पडलं, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

आता विचार करा. नारू सायक्लॉप्समधून पसरतो हे रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको यांनी १८७० मध्ये दाखवलं, ते त्या ठिपक्याला आधीच नाव होतं, वर्णन होतं म्हणून. नुसते ‘पाण्यातले किडे’ म्हटलं असतं तर शोधायचं काय? म्हणून ‘हे तर नुसतं वर्णन’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

आणि वर्णनाला नोंदीची जोड हवीच. एका महाविद्यालयात, नाव घेत नाही, नमुन्यांचं कपाट होतं. बाटल्यांना लेबलं बाहेरून डकवलेली, शाईनं लिहिलेली. स्पिरिट झिरपलं, शाई फुटली. प्राणी शाबूत, पण कुठला, कधीचा, काही कळेना. सगळ्या बाटल्या उकिरड्यावर गेल्या. मी दोन वाचवल्या, पण त्यांचाही उपयोग नाही. पोरांनो, लेबल बाटलीच्या आत टाकायचं, जाड कागदावर, शिसपेन्सिलीनं. शिसं स्पिरिटात उतरत नाही. एवढं तरी लिहून घ्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज समुद्राच्या अभ्यासासाठी १८७२ ते १८७६ जगभर फिरलं. त्या सफरीत मिळालेले कोपेपॉड ब्रेडी या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानं १८८३ मध्ये वर्णिले. दक्षिण महासागरातला ऱ्हिंकॅलॅनस गिगास त्यातलाच, तांदळाच्या दाण्याएवढा, म्हणजे कोपेपॉडांत धिप्पाडच. ओळख पटवायची ती बऱ्याचदा पाचव्या पायावरून. ग्लिसरिनच्या थेंबात प्राणी ठेवायचा, बारीक सुईनं एकेक पाय सोडवायचा, त्यावरचे काटे-केस मोजून चित्र काढायचं. ज्या एका प्राण्यावर नवं नाव बेतलं तो होलोटाइप, तो संग्रहालयात जपायचा. उद्या शंका आली तर तोच साक्षीदार.

आयसोपॉड हा कवचधाऱ्यांचाच दुसरा गट, त्यांची तऱ्हा वेगळी. मादी पिल्लं पोटाखालच्या पिशवीत वाढवते, अळ्या प्रवाहाबरोबर लांब वाहून जात नाहीत, त्यामुळे जागोजाग वेगळ्या जाती होऊ शकतात. २००२ ते २००५ या काळात अंटार्क्टिकाजवळच्या खोल तळातून त्यांच्या ६७४ जाती मिळाल्या. त्यांतल्या ५८५ विज्ञानाला नव्या! त्यांचे पाय कुणीतरी मोजायचे आहेत.

बाहेर टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडलाय. पाणी आज सकाळीच बारवेतून आणलंय. सायक्लॉप्सचा पाचवा पाय म्हणजे नुसता खुंट, पण त्याच्यावरूनच बऱ्याचदा वंश (जीनस) ठरतो. रांगेनं या, दिसेपर्यंत मी थांबतो.