शब्द विसरलेली एला

नमस्कार श्रोतेहो.

जाझ आणि स्विंग गाणाऱ्यांच्या ऐकण्याजोग्या पाच रेकॉर्डी निवडा आणि त्यांच्याविषयी बोला, असं मला सांगितलं गेलं. पाच निवडल्या, क्रमाने कागदावर लिहूनही आणल्या. पण खरं सांगू? मला बोलायचंय एकाच रेकॉर्डविषयी, आणि तिच्यातल्याही एकाच गाण्याविषयी. बाकीच्या चौघींना वेळ उरेल तसा देईन. शेवटच्या पंगतीला वाढतात तसं.

नाव सांगते, टिपून घ्या. गायिका एला फिट्झजेराल्ड. रेकॉर्ड, ‘मॅक द नाइफ: एला इन बर्लिन’. व्हर्व्ह कंपनीची, साल १९६०. कुणी आत्ताच रेडिओ लावला असेल, तर पुन्हा सांगते: एला इन बर्लिन.

आता स्विंग म्हणजे काय, हे दोन वाक्यांत. स्विंग म्हणजे झोका, आणि नाव ठेवणाऱ्याने अगदी नेमकं ठेवलंय. मात्रा चार, पाय पहिलीवर आणि तिसरीवर पडतो, चुटकी मात्र दुसरीवर आणि चौथीवर वाजते. आणि प्रत्येक मात्रेचे जे दोन तुकडे पडतात ते सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड. कोकणातल्या माजघरातला झोपाळा जाताना सावकाश जातो आणि येताना कडी करकरवत पटकन येतो, तसं. झाली दोनाची चार वाक्यं. चुटकी दुसरीवर आणि चौथीवर, एवढं लक्षात ठेवा. आपल्याकडे कुठल्याही कार्यक्रमात निवेदकाने ‘टाळ्या होऊन जाऊ द्या’ म्हटलं की सगळं सभागृह पहिल्या मात्रेवर टाळ्या कुटायला लागतं. निवेदकांना माइक द्यायच्या आधी ठेक्याची परीक्षा घ्यावी, असं माझं जुनं मत आहे. असो.

तर बर्लिन. तारीख १३ फेब्रुवारी १९६०. पश्चिम बर्लिनमधलं डॉइचलांडहाले नावाचं प्रचंड सभागृह, समोर बारा हजारांच्या आसपास माणसं. भिंत अजून उभी राहिलेली नाही, ती पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये येणार आहे. हे सभागृह कशासाठी बांधलं होतं माहीत आहे? १९३६च्या ऑलिंपिकसाठी, आणि त्याचं उद्घाटन १९३५ साली हिटलरने केलं होतं. ह्याच नाझी लोकांनी १९३८ साली ड्युसेलडॉर्फला ‘भ्रष्ट संगीता’चं प्रदर्शन भरवलं होतं. त्याच्या पुस्तिकेवरचं चित्र म्हणजे सॅक्सोफोन वाजवणारा एक काळा माणूस, आणि त्याच्या कोटावर ज्यूंचा तारा. एका चित्रात दोघांचा द्वेष उरकला! आणि आता त्या हिटलरच्या सभागृहात उभी आहे एक काळी बाई, आणि ती गाणार आहे कुर्ट वाइल ह्या ज्यू संगीतकाराचं गाणं. वाइलला १९३३ साली देश सोडून पळावं लागलं होतं.

गाणं मूळ बर्लिनचंच. नाटककार ब्रेख्तने आणि वाइलने १९२८ साली तिथे ‘थ्रीपेनी ऑपेरा’ रंगमंचावर आणला, त्याची सुरुवात ह्या गाण्याने होते. जर्मन जत्रांमध्ये फिरते गवई चित्रं दाखवत खुनांच्या कहाण्या गायचे, त्या चालीवर रचलेलं. गुंडाचा पोवाडाच म्हणा ना. शार्कचे दात दिसतात, पण मॅकचा सुरा कुणाला दिसत नाही, आणि मग कुठे कुठे प्रेतं सापडली त्याची यादी. हा मॅक आपल्याला परका नाही बरं का. पु.लं.नी त्याला मराठीत आणलं, ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये. १९७८ साल, पुण्याची थिएटर अ‍ॅकॅडमी, दिग्दर्शक जब्बार पटेल, आणि मॅकचा झालेला अंकुश म्हणजे नंदू भेंडे. ज्यांनी तो प्रयोग पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको.

अमेरिकेत हे गाणं लुई आर्मस्ट्राँग ह्या ट्रम्पेट वाजवणाऱ्या गायकाने १९५५ साली गायलं, आणि १९५९ला गायक बॉबी डॅरिनने ते अगदी घराघरांत नेलं. एलाच्या मनात आलं, आपणही गाऊन बघू. रेकॉर्डवर ऐकू येतं, ती सुरुवातीलाच सांगते की हे गाणं आम्ही कुठल्या मुलीच्या तोंडून ऐकलेलं नाही, तेव्हा आम्ही प्रयत्न करतो, शब्द सगळे आठवतील अशी आशा आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. शब्द आठवतील अशी आशा आहे.

आता आमच्या घरी या. गिरगावात दोन खोल्या, वर्ष १९७४. माझा थोरला भाऊ बोटीवर होता. त्याने हॅम्बुर्गहून ही रेकॉर्ड आणली होती आणि सुट्टीवर आला की रोज संध्याकाळी लावायचा. आमच्याकडे तेव्हा एचएमव्हीचा छोटा रेकॉर्डप्लेअर, त्याची सुई तेवढी नवी. आई त्या गाण्यांकडे लक्ष द्यायची नाही. तिचं मंगळवारचं भजनी मंडळ, तिची पेटी, तिचे अभंग. इंग्रजीशी तिचा संबंध बसच्या पाटीपुरता.

त्या दिवशी ती तांदूळ निवडत बसली होती. दादाने दुसरी बाजू लावली. पहिली दोन गाणी गेली, ‘मॅक द नाइफ’ सुरू झालं. चारपाच कडवी झाली असतील नसतील, आईने मान वर केली आणि म्हणाली, “हिचे शब्द गेले.”

दादा हसला. “आई, अगं हे जाझ आहे. ती असंच गाते.”

“काही असंच नाही,” आई म्हणाली. “मघापासून शब्द ठोक्यावर बसत होते. आता मागे राहतायत, चाचपडतायत. आणि आवाजात हसू आलंय बघ. अंतरा आठवला नाही की मीसुद्धा अश्शीच हसते. परत लाव.”

दादाने सुई मागे घेतली. श्रोतेहो, ह्या माणसाने ती रेकॉर्ड बोटीवर शंभरदा ऐकली असेल. इंग्रजीत बोटीची डायरी लिहिणारा माणूस. पण बाई गातेय म्हणजे गाण्याचेच शब्द असणार, असं धरून तो ऐकत आला होता. आता पहिल्यांदा त्याने कान दिला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. कारण एला चक्क गात होती की पुढचं कडवं काय बाई, मला काही ठाऊक नाही! त्याच चालीत, त्याच ठेक्यात. मग म्हणते, बॉबी डॅरिनने आणि लुई आर्मस्ट्राँगने ह्याची रेकॉर्ड केली, आणि आता एला आणि तिचे गडी मिळून ह्या गाण्याची वाट लावतायत. तेही यमकात बसवून! तेवढ्यावर थांबत नाही. लुईचं नाव निघालंच आहे तर त्याचा तो घोगरा, खरखरीत आवाज काढून दाखवते, त्याच्यासारखे निरर्थक बोल गाते. ह्या बोलांना स्कॅट म्हणतात. आपला तराणा आठवा; बोलांना अर्थ नाही पण जागा प्रत्येकाची ठरलेली.

आईने तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. “साथीदार ऐक,” ती म्हणाली. “एकजण हललेला नाही.”

खरंच हललेला नाही. पियानोवर पॉल स्मिथ, गिटारवर जिम हॉल, बासवर, म्हणजे त्या माणसाएवढ्या उंच, जाड तारांच्या वाद्यावर, विल्फ्रेड मिडलब्रुक्स, ड्रम्सवर गस जॉन्सन. चौघंच. तो बास ऐका, चार मात्रांना चार पावलं, पहाटे फिरायला निघालेल्या माणसासारखा. पुढे बाईच्या हातून गाणं सुटलंय, पण मागे सम जिथल्या तिथे येते आहे. वर हे लोक कडव्यागणिक पट्टी चढवत नेतात. आईला पहिला धक्का शब्दांचा नव्हताच, तो ह्याचा होता. “अरे, ह्यांनी पट्टी वाढवली आणि ही विसरलेली असूनसुद्धा वरच्या सुरात जाऊन बसली!” आमच्या मंडळात बुवांची ओळ हरवली की ते डोळे मिटून आलापात शिरायचे, पखवाजवाला त्यांच्याकडे बघत राहायचा आणि बायका समजून जायच्या. एलाने डोळे मिटले नाहीत. विसरले म्हणून बारा हजार लोकांना सांगितलं, आणि तेच गायलं.

हल्ली गायकांसमोर टॅब असतो. शब्द चुकत नाहीत, मान्य. पण मान खाली घालून वाचत गाणाऱ्याच्या तोंडून भजनसुद्धा विजेचं बिल वाचल्यासारखं वाटतं. जाऊ दे, हा विषय नव्हे.

आईला हे कळलं कसं, ह्यावर आम्ही पुढे अनेकदा बोललो. मला वाटतं, स्विंगचा झोका तिच्या कानात आधीपासून होता, फक्त त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. १९५१च्या ‘अलबेला’तली गाणी ती स्वयंपाक करताना गुणगुणायची. ती चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे पुणतांब्याच्या चितळकरांची. त्यांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायचा गोव्याच्या अल्दोन्याचा चिक चॉकलेट. तोच मुंबईच्या ताजमध्ये जाझ बँड चालवायचा. त्याच्यावर आर्मस्ट्राँगची एवढी छाप की लोक त्याला मुंबईचा लुई म्हणत. म्हणजे आर्मस्ट्राँगची फुंकर चिक चॉकलेटमार्गे आमच्या चुलीपर्यंत पोचलेलीच होती. गोव्याच्या वादकांनी हिंदी सिनेमासाठी जे केलं, त्याबद्दल त्यांना पडद्यावर साधी नावंसुद्धा मिळाली नाहीत. ह्यावर मी एकदा वेगळं बोलणार आहे, वेळ दिलात तर.

हं, ग्रॅमी. ह्या विसरलेल्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. एक गाण्याला आणि एक अख्ख्या रेकॉर्डला, दोन्ही गायिकांच्या गटात. दादाने ही बातमी आईला सांगितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “साथीदारांना काय दिलं?”

ह्या गाण्यानंतर लगेच, रेकॉर्डच्या शेवटी, ‘हाउ हाय द मून’ आहे. तेही सोडू नका. इथे ती जवळजवळ सगळं स्कॅटच गाते, मध्येमध्ये दुसऱ्या गाण्यांचे तुकडे घुसवते. ‘डोळ्यांत धूर जातो’ असं एक जुनं गाणं आहे, त्याची ओळ घेऊन ती धुराच्या जागी घाम घालते. घाम गळतच असणार बिचारीचा. आणि एकदा तर म्हणते, मी काय गातेय असं ह्या लोकांना वाटत असेल.

समोर काचेमागून बोटं दाखवतायत. म्हणजे घाई करायला हवी.

दुसरी रेकॉर्ड, ‘एला अँड लुई’, १९५६. तोच लुई आर्मस्ट्राँग, ह्या वेळी प्रत्यक्ष शेजारी. मुखपृष्ठावर दोघं खुर्च्यांवर बसलेत, लुईचे मोजे घोट्यावर गुंडाळलेले. उन्हाळ्यात अंगणात बसलेल्या शेजाऱ्यांसारखे. आवाजही तसेच, एक साय, दुसरा खरवड. मागे ऑस्कर पीटरसनचा पियानो, आणि बासवर रे ब्राउन, जो आधी एलाचा नवरा होता. १९५३ साली घटस्फोट झाला, पण बास त्याचाच हवा! ज्यांनी जाझ कधीच ऐकलेलं नाही त्यांनी इथून सुरुवात करा. पुन्हा सांगते, एला अँड लुई.

तिसरी, फ्रँक सिनात्राची ‘साँग्ज फॉर स्विंगिंग लव्हर्स’. तीही १९५६चीच. वाद्यरचना नेल्सन रिडलची. ‘आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन’मध्ये मध्यावर ट्रॉम्बोन उसळतो, तो मिल्ट बर्नहार्टचा. हे गाणं हलक्या आवाजात ऐकू नका, शेजारी रागावले तरी चालतील. सिनात्रा माणूस म्हणून मला आवडत नाही, पण त्याचे शब्द ज्या स्वच्छपणे कानावर येतात त्याला तोड नाही. आमच्या भावगीत गाणाऱ्यांनी त्याची शिकवणी लावायला हवी होती.

चौथी, सारा व्हॉन आणि ट्रम्पेटवाला क्लिफर्ड ब्राउन, १९५४. ह्या मुलाचं वय तेव्हा चोवीस, आणि दीड वर्षाने मोटार अपघातात गेला. साराचा आवाज तळघरातून गच्चीपर्यंत एका श्वासात जातो. ही रात्री ऐका, दिवे घालवून, आणि कृपा करून हेडफोन लावू नका. गाणं खोलीत पसरायला हवं, कानात बूच मारून कसलं ऐकता?

पाचवी, बिली हॉलिडे, ‘लेडी इन सॅटिन’, १९५८. ही स्विंग नाही. आवाज फाटलाय, दारूने, हेरॉइनने, पोलिसांच्या ससेमिऱ्याने. पुढच्या वर्षी ती गेली, चव्वेचाळिसाव्या वर्षी. मागे मऊ व्हायोलिनं, पुढे हा आवाज. आईला मी ही कधी ऐकवली नाही. ती म्हणाली असती, हिला आधी कुणीतरी जेवायला घाला.

झालं. पाच सांगून झाल्या. आमच्या तंत्रज्ञांनी घरून माझीच जुनी रेकॉर्ड मशीनवर चढवली आहे, तेव्हा मध्ये थोडी करकर येईल. दुसरी बाजू, शेवटून दुसरं गाणं. चुटकी दुसरीवर आणि चौथीवर. आणि शब्द कुठे जातात ते आईसारखं ओळखून बघा, मी सांगणार नाही.

लावा हो.